परतीची वाट

जावयाने जुना ट्रेलर घेतला आणि त्याच्या बॅटरीने त्याच्या नाकी नऊ आणले. दोन चाकांवरचं ते छोटं घर गाडीमागे जोडून बायको-मुलीला घेऊन भटकायचं, असा त्याचा बेत होता. पण दिवसभर गाडी पळवली तरी ट्रेलरची बॅटरी चार्ज होत नसे, आणि मुक्कामी पोचेपर्यंत फ्रीज मान टाकायचा. बॅटरी नवी घातली, गाडीपासूनची तार बदलली. गुण येईना.

"आईला दाखव की," बायको म्हणाली. "तीस वर्षं बसडेपोत वायरिंग केलंय तिने."

सासूबाईंना गाडीखाली कसं घालायचं, म्हणून तो अवघडला. पण रविवारी सकाळी त्या आल्याच. पिशवीतून मीटर आणि हेडलाइटचा जुना बल्ब काढला.

"इंजिन चालू ठेवा."

ट्रेलरच्या बॅटरीची जोडणी सोडवून त्यांनी तारेचं टोक आणि ट्रेलरची चासी यांना मीटर लावला. तेरा पूर्णांक आठ व्होल्ट.

"मीही एवढंच बघितलं होतं, आई. करंट येतोय."

"दिसतोय खरा. कामाला लावून बघू."

मीटरशेजारी बल्ब जोडला तर तो विझत्या निखाऱ्यासारखा जेमतेम लाल झाला आणि मीटरवरचा आकडा धाडकन चारवर आला. मग त्यांनी गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक लांब तार सरळ बल्बपर्यंत आणली. बल्ब लख्ख पेटला.

"येणारी तार ठणठणीत आहे. करंटला परत जायची वाट अडलीय."

पोतं अंथरून त्या ट्रेलरखाली सरकल्या. परतीची तार चासीला जोडणारा अर्थिंगचा बोल्ट कुणीतरी रंगावरच आवळला होता, आत गंज धरला होता. बोल्ट काढून, अर्धं घासून त्या बाहेर आल्या आणि पॉलिश पेपर त्याच्या हातात दिला.

"उरलेलं तुम्ही घासा. वाटेत अडलात तर मी कुठून येणार?"

तो पोत्यावर आडवा झाला. लोखंड चकाकेपर्यंत घासलं, ग्रीस लावलं, बोल्ट आवळला. बॅटरी जोडल्यावर आकडा सावकाश चढत साडेतेरावर गेला. अख्ख्या महिन्यात जे त्याला उमगलं नाही, ते बाईंनी तासाभरात हुडकलं होतं, आणि चेहऱ्यावर त्याची जराही मिजास नव्हती.

पुढच्या सुट्टीत मुक्कामी पोचल्याबरोबर त्याने पहिला फोन सासूबाईंना लावला आणि मीटर वाचून दाखवला.

"छान," त्या म्हणाल्या. "बोल्ट ढिला नाही ना झाला, तेवढं बघा."

फोन कानाला तसाच धरून तो ट्रेलरखाली शिरला.