कैसच्या कार्डाचा वाटा

एका कॉम्प्युटरवरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी माझ्या होडीवर उभ्या आयुष्यात झाली नसतील. आणि होडीवर आम्ही काही साधुसंत नव्हतो.

होडी मी गेल्या वर्षी विकली. गुडघे कुरकुरायला लागले, डॉक्टर ओरडायला लागला, आणि आगरदांड्याच्या जेटीवर उभं राहून दुसऱ्यांच्या होड्यांना नावं ठेवणं एवढंच काम उरलं. जाळी ठेवायची खोली रिकामी झाली. मुलगा आणि सून सकाळीच मुरूडला कामाला जातात. जन्मभर खलाशांवर आरडाओरडा केलेल्या तांडेलाला असं गप्प घर खायला उठतं. म्हणून माझी नात रुचिता त्या खोलीत गेमिंगचा कॉम्प्युटर जोडायचा म्हणाली, तेव्हा मी "कशाला ती थेरं?" असं दरडावलं आणि लगेच झाडू घेऊन खोली झाडायला लागलो.

तयार मशीन परवडण्यासारखं नव्हतं. सुटे भाग घेऊन घरी जोडायचं ठरलं. रुचिताच्या साथीला दोघे होते. एक निकेत, जेटीवर फेरीबोटीची तिकिटं फाडतो. दुसरा कैस, आमच्या मागच्या आळीतल्या हमीदचा मुलगा. हमीद कतारला, दोह्यात नोकरीला, आणि कैस इथे मोबाइल दुरुस्त करतो. तिघांची गट्टी बालवाडीपासूनची, आणि भांडणंही तेव्हापासूनचीच.

निकेतला काचेचं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट हवं होतं. "आतलं दिसायला नको?" म्हणे. रुचिताला प्रोसेसर भारीतला हवा. कैस म्हणायचा, गेमचं चित्र ग्राफिक्स कार्ड काढतं, सगळा जीव त्यात आहे, बाकी सामान साधं घ्या. तिघांचे खिसे एकत्र झटकले तरी सगळ्यांच्या आवडीचं काही येत नव्हतं. शेवटी कैसने त्याच्याकडचं कार्ड आणलं. एका गिऱ्हाइकाने बिघडलं म्हणून टाकायला काढलेलं त्याने विकत घेऊन, खटपट करून चालू केलं होतं.

"मग झालंच," रुचिता म्हणाली. "आबा, प्रोसेसर दोन तऱ्हेचे येतात. एक कार्ड नसलं तरी पडद्यावर चित्र दाखवतो, तो महाग. दुसरा कार्डाशिवाय काहीच दाखवत नाही, पडदा काळा. तो स्वस्त. कैसचं कार्ड आहेच, तर स्वस्तातला घेऊ. वाचतील त्यात रॅम वाढवू."

"आन् उद्या कैस कार्ड घेऊन गेला तर?" मी विचारलं.

"कैस कुठे जातोय?" ती हसली. कैसही हसला. अलिबागच्या दुकानातून स्वस्तातला प्रोसेसर आला.

भाग जमले, पण कोणी किती वेळ खेळायचं यावरून पुन्हा जुंपली. मला कुणी विचारलं नव्हतं, पण म्हणून मी गप्प बसणारा माणूस नाही. म्हटलं, "गप रे! आमच्या होडीवर कसं व्हायचं ऐका. होडी एकाची, जाळी चौघांची. मासळी आली की होडीचा वाटा येगळा, जाळ्याचा येगळा, मानसाचा येगळा. ज्याचं जाळं, त्याचा वाटा त्याच्या घरी पोचायचा. मग तो आजारी असूं दे नायतर परगावी. आन् कोन टोळी सोडून निंगाला, तर तो आपलं जाळं घेऊन जानार. त्याला अडवायचं न्हाय."

पोरांनी हे एकदम उचलून धरलं. आठवड्याच्या संध्याकाळी तिघांत वाटून घेतल्या. एक संध्याकाळ खुद्द कॉम्प्युटरची. त्या दिवशी तो बंद ठेवून, उघडून, ब्रशने त्याचं मीठ झाडायचं. आमच्याकडचं खारं वारं दाराच्या बिजागऱ्या खातं, ते कॉम्प्युटरला काय सोडणार?

मग काय, खोली भरली. पाळी एकाची असली तरी बसायला तिघेही हजर. किंचाळणं, टाळ्या, एकमेकांना शिव्या. कैसची आई शहरबानू दाराशी येऊन ओरडायची, "मोरूभाई, तुमच्या या डब्याने माझा मुलगा गिळला!" आणि त्याला कानाला धरून जेवायला न्यायची. मी तोंडदेखलं सगळ्यांना झापत होतो. खरं सांगतो, होडी विकल्यापासून एवढा खूश मी झालो नव्हतो.

आणि एक दिवस हमीदचा दोह्याहून फोन आला. कैससाठी तिथल्या एका दुकानात जागा झाली होती, लगेच निघायचं होतं.

रुचिता दोन घास जेवून उठली. नंतर माझ्याशेजारी येऊन बसली. "आबा, तू सांग ना त्याला, कार्ड ठेव म्हणून. तुझं ऐकेल तो."

"न्हाय सांगनार."

"पण कार्ड गेलं तर पडदा काळा होईल. दुसरं घ्यायला आमच्याकडे पैसे नाहीयेत."

"मना ठाव हाय गो."

मला चांगलंच ठाऊक होतं. पडदा काळा झाला की निकेत फिरकणार नाही, रुचिता मोबाइलमध्ये डोकं घालून बसेल, आणि मी पुन्हा जेटीवर होड्यांना नावं ठेवत उभा राहीन. कार्डाशी मला काय घेणं? मला पोरं हवी होती. पण परदेशी निघालेल्या पोराला चार वस्तू घ्याव्या लागतात, आणि कार्ड विकलं तर त्याला हातभार लागला असता. नियम मीच सांगितला होता. आता तो माझ्यावरच उलटला म्हणून फिरवायचा?

निघायच्या आदल्या दिवशी कैस आला. निकेत उगाच खिडकीशी जाऊन उभा राहिला. मी पेचकस उचलला आणि कैसच्या हातात दिला.

"काढ. तुजं जाळं हाय."

कैसने झाकण उघडलं. कार्ड बाहेर काढलं, ब्रशने त्याच्या पंख्यातलं मीठ हळूहळू झाडलं, फुंकर मारली. रुचिताने तोंड फिरवलं. आणि त्याने कार्ड परत जागेवर बसवलं, स्क्रू आवळला, झाकण लावलं.

"कार्ड इथेच राहील, आबा. पण मी फुकट ठेवत नाहीये. वाटा घेणार."

"कसला वाटा?"

"तुम्हीच म्हणालात ना, माणूस परगावी असला तरी जाळ्याचा वाटा त्याच्या घरी पोचवायचा? माझ्या वाट्याच्या संध्याकाळी अम्मीला द्या." तो खाली बघून बोलत होता. "अब्बा तिकडे, मी पण तिकडे. ती एकटी घरात काय करेल? फोनवर नुसतं जेवलास का, झोपलास का विचारते आणि रडते."

मी त्याला जवळ ओढला. रडलो म्हणालात तर भांडेन तुमच्याशी.

शहरबानू यायला तयार होईना. "मी त्या डब्याला हात लावणार नाही." शेवटी एका शुक्रवारी, कैसच्या सुट्टीच्या दिवशी, सांदणांचा डबा घेऊन आली, जणू फक्त तो डबा द्यायलाच आली होती. रुचिताने तिला खुर्चीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले. पोरांचा तो गेम होड्यांचा आहे. मोठा समुद्र, बेटं, खडक. तिकडे दोह्यात कैस सोबत्याच्या लॅपटॉपवर त्याच गेममध्ये शिरला होता. पडद्यावर दोन होड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या.

"त्या होडीत कैस आहे," रुचिता म्हणाली.

शहरबानू पडद्याकडे बघतच राहिली. मग तिने रुचिताने दाखवलेलं बटण दाबलं आणि होडी नेली ती सरळ खडकावर.

"अगो उजवीकडं! उजवीकडं घे!" मी मागून ओरडलो.

"मोरूभाई, ओरडू नका, मला काही सुचत नाही!"

"सुचंल कसं? खडक दिसत न्हाय तुला?"

निकेत हसून लोळायला लागला, रुचिता टाळ्या पिटायला लागली. कशीबशी शहरबानूची होडी सुटली आणि डुगडुगत निघाली. कैसची होडी बरीच पुढे, निळ्या पाण्यात बारीक होत चालली होती. शहरबानूचं हसू विरलं. तिने माइक तोंडाशी ओढला.

"बेटा, इतका लांब नको जाऊस. मला येऊ दे."

पुढची होडी थांबली. मग पूर्ण वळली आणि आईकडे परत यायला लागली.