सहाची दुधाची गाडी

मुथेंगीसाहेब परिषदेहून परतले ते साफसफाईचा ध्यास घेऊनच. सॉफ्टवेअरमध्ये बाहेरून आणलेला जो तुकडा आपला प्रोग्राम थेट वापरत नाही, तो काढून टाकायचा. नैरोबीतल्या त्यांच्या कंपनीत क्वाम्बोका सगळ्यांत जुनी प्रोग्रामर. कुठला तुकडा कुणाच्या जिवावर चालतो ते आधी शोधू, थोडा वेळ द्या, असं तिने सांगून पाहिलं.

"क्वाम्बोकाबाई, आपण सॉफ्टवेअर विकतो, सोयरीक नाही जुळवत," साहेब म्हणाले. "कुळं कसली शोधताय?"

मीटिंग हसली. तुकडे उडाले.

त्यांतला एक अगदी चिमुकला. संदेश पाठवणाऱ्या तुकड्याच्या पोटात बसून तो इंग्रजी वेळेची स्वाहिली वेळ करायचा. स्वाहिली घड्याळ उजाडल्यापासून मोजतं. इंग्रजीत सकाळचे सात, तेव्हा स्वाहिलीत एक. हे गणित ऑफिसातला प्रत्येक जण बोलता बोलता डोक्यात उरकतो, त्यामुळे यंत्रालाही ते कुणीतरी शिकवलेलं असणार, हे एकाच्याही लक्षात आलं नाही. चाचणी घेणाऱ्याने स्वाहिली संदेशात 'गाडी ६ ला' पाहिलं, दिवसभर इंग्रजीत काम करणाऱ्याने पाहावं तसं, आणि सकाळचे सहा समजून मान डोलावली. हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या डोंगरावरच्या दूध संस्थेच्या ड्रायव्हरांनी स्वाहिली संदेश स्वाहिलीतच वाचला. स्वाहिली सहा म्हणजे भर दुपारचे बारा. त्या ठोक्याला ते गाड्या घेऊन हजर झाले. पहाटेचं दूध तोवर नासलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांचं निदान तयार होतं. ड्रायव्हरांना धड वाचता येत नाही. त्यांना काढा, असं संस्थेला कळवायचं. फोन क्वाम्बोकाने करायचा, कारण जुन्या माणसाच्या शब्दाला वजन असतं. साफसफाईच्या मीटिंगला हे वजन कुठे गेलं होतं, ते तिने विचारलं नाही. साहेबांच्याच टेबलावर तिने फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

संस्थेच्या अध्यक्ष न्यागुथीबाई पलीकडून थंडपणे म्हणाल्या, "गाड्या भर दुपारी बोलावल्यात, तर गायींनाही तसं कळवायचं होतंत."

साहेबांनी पुढे वाकून ड्रायव्हरांचं अज्ञान समजावून सांगायला घेतलं. ही माणसं कशी संदेश नीट बघत नाहीत, अशांच्या हाती गाडी देणं कसं धोक्याचं. क्वाम्बोकाची कानशिलं तापली. तिने त्यांना मध्येच तोडलं आणि स्वाहिलीत विचारलं, "साहेब, किती वाजले?"

साहेबांनी मनगटाकडे पाहिलं. काटे साडेदहावर होते.

"साडेचार," ते स्वाहिलीत म्हणाले, आणि पुन्हा ड्रायव्हरांकडे वळणार, तेवढ्यात त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"ऐकलंत ना, न्यागुथीबाई?" क्वाम्बोका म्हणाली. "ड्रायव्हरांनीही असंच वाचलं. चूक आमच्याकडची आहे."

"ड्रायव्हर कामावर राहतील," न्यागुथीबाई म्हणाल्या. "पण ओतून दिलेलं दूध कुणाच्या नावावर मांडू? शेतकरी दारात बसलेत."

"यंत्रणेच्या," साहेब घाईने म्हणाले.

"यंत्रणेतला वेळ बदलणारा तुकडा माणसाने काढायला लावला," क्वाम्बोका म्हणाली, आणि साहेबांसमोरच त्यांचं पूर्ण नाव तिने सावकाश सांगितलं.