मानसिंगांचा मेंदू

मानसिंगांचा देह दवाखान्यातून भोंगवलीला घरी आणला तेव्हा त्यांच्या डोक्याला पट्टी होती. "ही कशाची गं?" चंद्राबाईंनी लेकीला विचारलं.

"दवाखान्यातली हाय, आये," नूतन म्हणाली.

मानसिंग शेवटची काही वर्षं माणसं विसरत गेले होते. ते गेल्यावर पुण्याच्या डॉक्टरांनी अभ्यासासाठी मेंदू मागितला. एकुलत्या नूतननं आईला न विचारताच होकार दिला होता.

उन्हाळ्यात ती किकवीहून माहेरी आली असताना पुण्याच्या त्या डॉक्टर चैत्रालींचा फोन आला. हात पिठाचे, म्हणून तिनं स्पीकर लावला. "तुमच्या वडिलांच्या मेंदूचे नमुने तयार झालेत. बघायचे असतील तर या."

तव्यावरची भाकरी करपली, तरी चंद्राबाईंनी ती उलटली नाही.

"त्यास्नी अर्धंच जाळलं व्हय आपण?"

नूतननं करपलेली भाकरी तव्यावरून काढली.

"मला बगायचंय," चंद्राबाई म्हणाल्या.

दोघी एसटीनं पुण्याला गेल्या. डॉक्टरांनी आधी एका निरोगी माणसाच्या मेंदूच्या नमुन्याची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. पिवळट उजेडात काळी पेशी, तिला चहूकडून फांद्या, अन् फांद्यांवर दाट बारीक काटे.

"बाभळच की," चंद्राबाई पुटपुटल्या.

"दुसऱ्या पेशींचे निरोप या काट्यांवर येतात, आजी. आता ही आजोबांची."

फांद्या आखूड होत्या. काटे बहुतेक झडलेले.

चंद्राबाईंनी बराच वेळ सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही. मग विचारलं, "म्हंजी मला 'ही बाई कोन' म्हनायचे, ते सोंग न्हवतं?"

"नाही, आजी. त्यांना खरंच ओळख पटत नसणार."

त्यांनी पदर तोंडाला लावला. "म्या त्यास्नी ताट आपटून वाढलंय, बाई. लई येळा."

घरी आल्या तर धाकटे दीर हनुमंत ओट्यावर बसलेले. कुठं गेला होता, असं त्यांनी विचारलं आणि चंद्राबाईंनी काही न लपवता सांगून टाकलं.

हनुमंत उठून उभे राहिले. "दादाचा मेंदू दिला? कुनी दिला?"

नूतन दारात होती. मी दिला, एवढंच म्हणायचं होतं.

"म्या दिला," चंद्राबाई म्हणाल्या.

"वैनी, तुमाला कायबी कसं वाटलं न्हाई?"

हनुमंत चहा न घेता गेले, ते वर्षश्राद्धालाही आले नाहीत. भावकीत चंद्राबाईंचंच नाव खराब झालं.

हनुमंत उठून गेले त्या संध्याकाळी नूतन "आये" म्हणून जवळ गेली. चंद्राबाईंनी तिच्याकडं पाहिलं नाही.

"म्हशीला पानी दाव जा," त्या म्हणाल्या. नूतन बादली घेऊन गोठ्यात गेली आणि अंधार पडेपर्यंत तिथंच बसून राहिली.