तंबोरा धरलेली बाई

आमच्या घटस्फोटाने लष्कर भागातल्या बायकांची वर्षभर चांगली सोय केली. हळदीकुंकवाला विषय शोधावा लागला नाही. सरदार घराण्यातली सून कोर्टाची पायरी चढते, आणि तीही मारहाण नाही, सवत नाही, एका चित्रावरून! मंदाताईंनी तर मला रस्त्यात गाठून विचारलं, "कुमुदिनी, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" मी म्हटलं, आत्ताच कुठे आलंय.

चित्र माझ्या आईचं होतं. माझे वडील, अण्णा, शाळेत ड्रॉइंग मास्तर. हजीरा वस्तीतल्या दोन खोल्यांत त्यांनी ते रंगवलं, तेव्हा मी चार वर्षांची होते. त्या काळात बायकांच्या चित्रात तंबोरा असायचाच, म्हणून शेजारचा मागून आणला आणि आईच्या हातात दिला. आईला सूर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्यामुळे चित्रात तिने तंबोरा वरवंट्यासारखा घट्ट धरला आहे. अण्णांनी खाली सहीसुद्धा केली नाही. घरच्या माणसावर कसली सही करायची, म्हणायचे. पुढच्याच वर्षी आई गेली. तिचा फोटो कधी कुणी काढलाच नव्हता, आणि मी एकुलती एक. माझ्या लग्नात अण्णांनी हे चित्र सोनेरी चौकटीत बसवून माझ्याबरोबर पाठवलं.

माझे यजमान जगदेवराव. त्यांच्या घरी पाहण्यासारख्या वस्तूंची कमी नव्हती. हस्तिदंती मुठीच्या दोन तलवारी, हाताने रंगवलेल्या गंजिफाच्या एकशेवीस पानांचा डबा, रागमालेची आठ छोटी चित्रं, जरीचे शेले. यातलं काय घराण्याचं आणि काय दरबारने वापरायला दिलेलं, हे त्यांच्या वडिलांनाही सांगता आलं नसतं. संस्थान विलीन झालं, मध्यभारत राज्य आलं, आणि एकोणपन्नास साली सरकारी माणसं घरोघर विचारत फिरू लागली की दरबारच्या वस्तू कुणाकुणाकडे आहेत. जगदेवरावांनी त्याआधीच एक यादी करून ठेवली होती. सगळ्या वस्तू माझ्या पत्नीचं स्त्रीधन आहेत, तिच्या माहेरून आल्या आहेत, अशी. खाली त्यांची सही, आणि सहीच्या वर एक ओळ: याखेरीज माझ्या पत्नीची कोणतीही वस्तू या घरात नाही. ड्रॉइंग मास्तराने मुलीला दोन तलवारी दिल्या, हे वाचून त्या अधिकाऱ्याला हसू कसं आलं नाही, देव जाणे.

पण अधिकाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवणं बरं दिसेना. काहीतरी दरबारचं म्हणून द्यायलाच हवं होतं. मग जिच्यासाठी जीव तुटणार नाही, अशी एक वस्तू त्यांनी भिंतीवरून काढून दिली. मी तेव्हा हजीऱ्याला अण्णांच्या शेवटच्या आजारपणात गेले होते. परत आले तर भिंत मोकळी. "वाळवी लागली होती, जाळावं लागलं," असं मला सांगितलं. मी दोन दिवस जेवले नाही. आणि ते माझी समजूत घालत होते!

सात वर्षं मी ती वाळवी खरी मानली. छप्पनच्या नोव्हेंबरात नवा मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, आणि त्या निमित्ताने आमच्याच शहरातल्या एका सरकारी दालनात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन लागलं. दाराजवळच्या भिंतीवर आई होती. तंबोरा घट्ट धरलेली. खाली पाटी: दरबार की गणिका, नाम अज्ञात.

गाणाऱ्या बायांना मी कमी लेखत नाही. त्यांना निदान गाता येत होतं. पण माझ्या आईला नाव होतं. भागीरथी. माझ्या शेजारी उभे असलेले दोघे तिच्याकडे बघून हलक्या आवाजात काहीतरी बोलले आणि हसले. ते हसणं मी अजून विसरलेली नाही.

घरी येऊन विचारलं, तर जगदेवराव चहा पीत म्हणाले, "मग काय सांगायचं होतं? सासूबाई आहेत म्हणून? मग ते चित्र दरबारचं कसं ठरलं असतं?" बशीतला चहा संपवून त्यांनी कप खाली ठेवला. त्याच महिन्यात मी घर सोडलं. मोरारच्या सरकारी शाळेत नोकरी मिळाली, थाटीपुरला क्वार्टर मिळालं. आधी विभक्त राहण्याचा निकाल, मग दोन वर्षं वाट, अशा कायद्याच्या सगळ्या पायऱ्या चढून एकोणसाठ साल उजाडलं.

वस्तूंची वाटणी निघाली तेव्हा माझे वकील गोपाळकृष्ण यांनी सरकारी दप्तरातून त्या यादीची नक्कल शोधून काढली. जगदेवराव आता सरकारी नोकरीत होते, भोपाळला बढतीवर जायचे होते. यादी खोटी होती असं म्हणायची त्यांची सोय नव्हती. गोपाळकृष्ण मला म्हणाले, "बाई, यादी खरी आहे असं आपल्याला शपथेवर म्हणावं लागेल. सोच लीजिए."

"तीन वर्षं विचारच केलाय," मी म्हटलं.

कोर्टात मी यादी पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचली. एकेक वस्तू वाचताना जगदेवरावांचा चेहरा उतरत होता आणि मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं. "ही यादी खरी आहे?" न्यायाधीशांनी विचारलं. मी म्हटलं, खरी. सगळं माझं ठरलं.

मग इंदरगंजला वकिलांच्या ऑफिसात मी जगदेवरावांना बोलावलं. "एकूण एक वस्तू घेऊन जा," मी म्हटलं. "मला फक्त दोन ओळी लिहून द्या. ते चित्र दरबारचं नव्हतं, चुकून दिलं गेलं, आणि ती बाई माझी सासू आहे."

तलवारी त्यांच्या आजोबांच्या होत्या, हे मलाही माहीत होतं.

"एक दस्तखत खोटी निघाली, की बाकीच्याही तपासतील," ते म्हणाले. "माझी नोकरी जाईल, कुमुदिनी. तुम्हीच ठेवा सगळं." आणि टोपी उचलून निघून गेले. गोपाळकृष्णांसमोर मी त्यांना भ्याड म्हटलं. जिना उतरेपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं.

पुढल्या वर्षी मार्चमध्ये मी स्वतःच, चित्र ज्यांच्या ताब्यात होतं त्या सरकारी ऑफिसात, ते परत मागायचा अर्ज घेऊन गेले. कारकून सज्जन होता. खुर्ची दिली, पाणी मागवलं, फाईल काढली. फाईलमध्ये ती यादी होती आणि कोर्टातल्या माझ्या जबानीची नक्कलही.

"बहनजी, इसमें तो साफ़ लिखा है कि इसके अलावा आपकी कोई चीज़ उस घर में नहीं थी," तो म्हणाला. "और आपने शपथ लेकर कहा है कि सूची सही है। फिर यह तस्वीर आपकी कैसे हुई?"

जगदेवराव एकदा खोटं बोलले होते. त्यावर कोर्टाचा शिक्का मी मारून घेतला होता.

"एक रास्ता है," त्याने कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "लिख दीजिए कि सूची ग़लत थी। हम आगे भेज देंगे।"

मी पेन उघडलं. सूची ग़लत थी, म्हणजे शपथ खोटी. म्हणजे शाळेतली नोकरी जाणार, क्वार्टर जाणार, पोलीसही दारात येणार. दोनच ओळी होत्या. आईचं नाव त्यात लिहायला मिळालं असतं.

"उद्या येते," मी म्हणाले.

कारकुनाने मान हलवली. मी पेन मिटलं आणि बाहेर पडले. आता दिवाळीही होऊन गेली. मी अजून गेलेली नाही.