पूर्वेची केबल

अँटेनांच्या मैदानात आपल्याइतकं कुणी राबलेलं नाही, हे मामा चारचौघांत सांगायला कधी कमी करत नसत. आणि ते खरंही होतं. उल्का जळते, तिची रेघ वाऱ्याबरोबर वाहते, रडार ती टिपतं. त्यावरून नव्वद किलोमीटर उंचावरचा वारा आणि तिथल्या हवेची भरती-ओहोटी कळते. गणित भाचीचं, खांब आणि केबल मामांच्या.

भाचीला यंदा घबाड सापडलं होतं. वसंतापासून वरच्या हवेची पूर्व-पश्चिम भरती चक्क उलटली होती. सहा महिने खपून तिने लेख लिहिला होता आणि आज पाच वाजता तो पाठवायचा होता.

दुपारी गवत कापत मामा पूर्वेच्या खांबाशी आले. केबलवर निळी पट्टी होती. निळी म्हणजे पश्चिमेची! वसंतात खांब रंगवताना दोन्ही केबल त्यांनीच सोडल्या होत्या आणि जोडताना अदलाबदल केली होती. तेव्हापासून रडारला पूर्वेच्या उल्का पश्चिमेला दिसत होत्या. भरती उलटली नव्हती, मामांनी उलटवली होती.

झाकली मूठ सव्वा लाखाची. आत्ता गुपचूप केबल बदलल्या असत्या, तर भरती आपली आपण सुलट झाली असंच पोरीला वाटलं असतं. निवृत्तीला दोन महिने उरलेले. मामा विळा टाकून तडक आत गेले.

"थांब गं, पाठवू नकोस. मी घोळ घालून ठेवलाय."

तिने ऐकलं आणि पूर्व-पश्चिम बदलून गणित पुन्हा चालवलं. आलेख गेल्या वर्षीच्या आलेखावर नेमका जाऊन बसला.

"छापून आल्यावर कळलं असतं, तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती," ती म्हणाली. "बस मामा. पाणी पी आधी."

ती लेख बंद करणार, तेवढ्यात मामांना पहिलं पान दिसलं. तिच्या नावाशेजारी त्यांचं नाव होतं.

"हे काय?"

"तीस वर्षं अँटेना तू सांभाळतोस आणि कुणी तुझं नाव एका ओळीतही छापलं नाही. म्हटलं, जायच्या आधी एकदा तरी."

मामांनी चष्मा लावला. नाव सावकाश, आडनावासकट वाचलं.

"छान दिसतंय," ते म्हणाले. "आता पूस."