मागे राहणाऱ्यांचा रिमोट

मित्रांनो, मी एक जुना रिमोट आहे. टीव्हीचा नव्हे, गेमचा. ज्या दुकानातून मी आलो तिथे मला कंट्रोलर म्हणत, पण घरात पाऊल टाकलं आणि रिमोट हेच नाव पडलं. मलाही ते बरं वाटतं. पाठीवर दोनचा आकडा आहे, चार बटणं आहेत, त्यातलं गोल बटण आता दाबलं की लवकर वर येत नाही. या वयात कुणाचं काय लवकर होतं?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाशी माणसं ओळीने बसलेली असत. एकाने माझ्या पोटात हिरवी पट्टी बसवली, दुसऱ्याने वायर जोडली, आणि शेवटी एका बाईंनी माझं प्रत्येक बटण दाबून कानाशी धरून ऐकलं. मग माझी रवानगी खोक्यात झाली. तिथे माझा भाऊ आधीच पहुडला होता. एकाच साच्यातून निघालेले आम्ही, तरी तो थोरला आणि मी धाकटा. कारण काय, तर त्याची वायर खेळाच्या यंत्राच्या डाव्या भोकात जाते आणि माझी उजव्यात. एवढ्याशा गोष्टीने तो एक नंबर झाला आणि मी दोन.

आम्हाला विकत घेणारे गृहस्थ लिफ्ट दुरुस्त करत. त्यांच्या मुलीला सगळे बिट्टी म्हणत. बिट्टीची आई ती पाळण्यात असतानाच देवाघरी गेली होती. शाळा सुटली की बिट्टी गळ्यातल्या किल्लीने दार उघडी आणि बाबा येईपर्यंत एकटीच असे. म्हणून बाबांनी आम्हाला आणलं. पोरीला सोबत झाली. मलाही घर मिळालं, याबद्दल मी त्या माणसाचा जन्मभर ऋणी आहे.

आमच्याबरोबर कॅसेट एकच होती. तिच्यातला खेळ असा: दोन कंदीलवाले धुक्यातून डोंगराच्या पायऱ्या चढतात. वाटेत वारा सुटतो, वटवाघळं येतात, दगड घसरतात. डोंगराच्या माथ्यावर एक मोठा दिवा विझून पडलेला आहे, तो पुन्हा लावायचा. पण माथ्याच्या आधी एक दार लागतं. दारापुढे दोन दगड. दोन्ही कंदीलवाले एकाच वेळी त्या दगडांवर उभे राहिले, तरच दार उघडतं.

बिट्टी हुशार. एक नंबर घेऊन ती एकटीच दारापर्यंत भरभर पोचायची. तिथे एका दगडावरून दुसऱ्यावर उडी मारून बघायची, पण तेवढ्यात पहिला दगड वर आलेला असे. दार काही हलायचं नाही. मग ती मला कुणाच्या तरी हाती देई. बाबा मला घेऊन बसत आणि दुसऱ्या वळणाला घोरू लागत. वरच्या मजल्यावरचा ढब्बू माझी सगळी बटणं एकदम दाबत असे, तीही वेफर्स खाल्लेल्या हातांनी. आणि गंमत अशी की या खेळात पडदा वर वर सरकत राहतो. जो मागे राहून पडद्याच्या खालच्या कडेखाली गेला, त्याचा कंदील विझला. मग तो डाव संपेपर्यंत त्याने नुसतं बघत बसायचं.

माझा कंदील रोज विझे. "हा रिमोटच बिघडलाय," सगळे म्हणत. थोरल्याला कधी कुणी काही बोललं नाही. पुढे पुढे तर मी टीव्हीखालच्या खणात, टॉर्चचे सेल आणि मोजपट्टी यांच्या संगतीत पडून राहिलो. तिथे वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण धूळ अंगावर बसते तशी समजूतही हळूहळू येते. आपली वेळ आली की आपल्याला हात मिळेल, असं म्हणत मी राहिलो.

आणि हात मिळाला.

बिट्टी दहा वर्षांची असताना बाबांनी दुसरं लग्न केलं. नवी आई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करत असे. बिट्टी तिला आई म्हणेना, काकू म्हणेना. ती म्हणायची, "चष्मेवाल्या बाई."

"अगं, घरात बाई काय म्हणतेस?" बाबा ओशाळून म्हणाले.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "दुकानात सगळे तेच म्हणतात. मला वळून बघायची सवय आहे."

पहिल्याच आठवड्यात त्यांनी खण आवरायला काढला आणि मी त्यांच्या हाती लागलो. "याला पाणी चालतं का?" त्यांनी विचारलं. बिट्टीने नुसती मान हलवली. मग त्यांनी काचा पुसायच्या मऊ फडक्याने मला पुसलं आणि काडीने माझ्या फटीतला ढब्बूच्या वेफर्सचा चुरा काढला. मित्रांनो, तोवर मला कुणीही पुसलं नव्हतं. माझ्या अंगात जीव असता तर डोळे भरून आले असते.

"मला शिकवशील?" त्यांनी विचारलं.

बिट्टीने खांदे उडवले. पण तिला त्या दारासाठी दुसरं माणूस हवंच होतं. म्हणाली, "उडी गोल बटणाने. पडलात तर मला सांगू नका."

त्या फार हळू चालत. प्रत्येक पायरी काच पारखावी तशी पारखत. बिट्टी मात्र वाऱ्यासारखी वर जाई. पडदा सरके आणि आमचा कंदील विझे.

"विझला तुमचा."

"हो, विझला," त्या म्हणत, आणि मला मांडीवर घेऊन तिचा डाव संपेपर्यंत बघत बसत. कधी चिडल्या नाहीत, की मला बिघडलेला म्हणाल्या नाहीत.

एकदा बाबा हळूच म्हणाले, "दिवसभर काचांवर डोळे ताणतेस, वर हे कशाला? कंटाळा येत असेल तर नको बसूस."

"ती दिवसभरात माझ्याशी एवढ्याच वेळात बोलते," त्या म्हणाल्या. "उडी मारा, डावीकडे बघा, विझला तुमचा. बाकी काही विचारलं की मान हलवते. हा वेळ मी नाही सोडायची."

त्या दिवशी मला कळलं की त्यांना तो दिवा लावायचा नव्हताच. त्यांना त्या पोरीच्या जवळ पोचायचं होतं, आणि त्या वाटेवर त्यांच्या हातात होतो मी. एवढं मोठं काम आपल्यावर सोपवलं जावं, याहून अधिक कुणी काय मागावं?

मग एका संध्याकाळी ऐन खेळात वीज गेली. ढब्बू आला होता, त्याची कॉलेजात जाणारी ताईही होती. काळ्या पडद्यासमोर सगळे नुसते बसले. ढब्बू म्हणाला, "मला ना, हा खेळ बदलता यायला हवा होता. वटवाघळांना मी जेवणाची सुट्टी दिली असती."

"तू आधी स्वतःला सुट्टी दे, दिवसभर तोंड चालू असतं," ताई म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "माझ्याकडे एक खेळ आहे, त्यात एक गाव पुरात बुडतं. मला आधीपासून माहीत असतं. मी धावत तिथे जाते, पण बोलायचं बटणच नाही. मला तिथे बोलायचं बटण हवंय."

बाबा हसून म्हणाले, "आणि या डोंगराला लिफ्ट हवी. एवढ्या पायऱ्या बांधल्या, एक लिफ्ट बसवायला काय झालं होतं? देखभालीला मी गेलो असतो."

"तुम्हाला काय बदलायचंय?" ढब्बूने चष्मेवाल्या बाईंना विचारलं.

त्यांनी विचार केला. "पडदा जरा थांबायला हवा होता," त्या म्हणाल्या. "मागे राहिलेल्यासाठी."

"आणि तुला गं, बिट्टे?"

बिट्टी पटकन म्हणाली, "ते दार एकट्याने उघडायला हवं होतं."

मी बाईंच्या हातात होतो. त्यांची बोटं माझ्यावर होती तशीच राहिली, पण त्यांचा जोर गेला होता.

दुसऱ्या दिवशी खेळ चालू असताना बिट्टी पाणी प्यायला उठली. तिचा कंदीलवाला तिने एका कपारीत उभा केला होता. परत आली तेव्हा बाई एकेक पायरी चढत होत्या. पडदा जागच्या जागी उभा होता. वारा सुटून गेला, वटवाघळं येऊन गेली, पडदा हलला नाही. बिट्टी पेला हातात धरून दारातच थांबली. तिला जे दिसलं ते मलाही दिसलं. इतकी वर्षं कुणी मला दोष देत होतं, कुणी पडद्याला. पडदा पळतच नव्हता. तो एक नंबरच्या मागे जात होता. पळत होती ती बिट्टी.

ती येऊन बसली. थोरल्याला उचललं आणि पुन्हा धावत सुटली. आमचा कंदील विझला. लहान होती ती, मित्रांनो. आणि एकट्याने राहायची तिला सवय होती; अशी सवय माणूस सहज सोडत नाही.

त्यानंतरच्या संध्याकाळी डाव सुरू व्हायच्या आधीच बाईंनी माझी वायर काढली, सैलसर गुंडाळली आणि मला टीव्हीवर ठेवलं.

"आजपासून मी स्वयंपाकघरात बसते," त्या म्हणाल्या. आवाजात रुसवा नव्हता. "माझ्यामुळे तुझा खेळ मोडतो. तुला एकटीलाच जायचंय, तर जा बापडी."

त्या आत गेल्या. भांड्यांचा आवाज येऊ लागला. बिट्टीने खेळ सुरू केला. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. मग तिसऱ्या वळणाच्या आधीच तिचा कंदीलवाला थांबला आणि तसाच उभा राहिला. पडदाही थांबला. मी टीव्हीवरून बिट्टीचं तोंड बघत होतो. ती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती. फार वेळ.

शेवटी उठली, मला घेतलं, माझी वायर उजव्या भोकात लावली आणि थोरल्याला उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. "तुम्ही हा एक नंबरचा घ्या," ती म्हणाली.

"मला कशाला? तो चांगल्या खेळणाऱ्याचा."

"पडदा एकच्या मागे जातो. तुम्ही एक घेतलात की तो तुमच्या चालीने जाईल."

बाईंनी हात पुसले. "तुला कधी कळलं हे?"

"काल," बिट्टी जमिनीकडे बघत म्हणाली.

आणखी काही विचारता आलं असतं. त्यांनी विचारलं नाही. "बरं," म्हणाल्या, आणि येऊन बसल्या.

त्या दिवशी मी पहिल्यांदा खेळण्यासाठी बिट्टीच्या हातात आलो. इतक्या वर्षांत ज्या हातांना मी दुरून बघत होतो, ते हात. आणि खरं सांगतो, सुरुवातीला तिला जमेना. ती सवयीने वर पळे आणि पडद्याच्या वरच्या कडेला डोकं आपटून थांबे. तिथे उभं राहून करणार काय? इकडेतिकडे बघू लागली.

"इथे घुबड कोरलंय," ती म्हणाली. "हे मी कधी बघितलंच नव्हतं."

"मला रोज दिसायचं," बाई म्हणाल्या. "पडायच्या आधी."

बिट्टी हसली. मग दोघी हसल्या. त्या हसण्यात आमच्यावर दोन वटवाघळं येऊन आदळली आणि डाव गेला.

असे पुष्कळ डाव गेले. वटवाघळं बिट्टीने हाकलायची, घसरणारे दगड तिने आधी जाऊन बघायचे, आणि बाईंनी सावकाश यायचं, असं ठरून गेलं. कुणी ठरवलं नाही, आपोआप ठरलं. आणि एका सुट्टीच्या दुपारी दोघी दाराशी पोचल्या. बिट्टी एका दगडावर जाऊन उभी राहिली. बाईंची उडी दोनदा चुकली. बिट्टी "सावकाश" एवढंच म्हणाली. तिसऱ्या उडीला दुसरा दगड खाली बसला आणि दार उघडलं.

पलीकडे फार काही नव्हतं. एक दगडी बाक, दिवा, आणि खाली धुकं. दोघींनी कंदील टेकवले तसा दिवा लागला, धुकं विरळ झालं आणि खाली दूरवर समुद्र दिसला. खेळ बनवणाऱ्यांची नावं वर सरकू लागली.

"एवढंच?" बिट्टी म्हणाली.

"छान आहे की," बाई म्हणाल्या. "जरा बसू."

त्यांनी आपल्या कंदीलवाल्याला बाकावर नेलं. बिट्टीने माझा नेला. नावं संपली, संगीत संपलं, तरी दोघींनी एकही बटण दाबलं नाही. खुर्चीत डुलकी घेणारे बाबा जागे झाले आणि म्हणाले, "झाला का खेळ? चहा टाकू?"

"थांबा ना बाबा," बिट्टी टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाली. "आम्ही बसलोय."

बाईंनी तोंड दुसरीकडे केलं आणि चष्मा पुसायला काढला. तो मघाशीच पुसलेला होता.

आता बिट्टी मोठी झाली आहे, कामाला लागली आहे. ते यंत्र केव्हाच बंद पडलं. आम्ही दोघे भाऊ एका फळीवर शेजारी असतो. आता आम्हाला नंबर विचारणारं कुणी नाही. सकाळी सगळं आवरलं की ते मऊ फडकं आमच्यावरून न चुकता फिरतं. देवाने मला हात दिले नाहीत, पण किती हातांतून नेलं. मी तृप्त आहे.

मित्रांनो, तुम्हालाही तुमच्या खेळांत पुष्कळ काही बदलावंसं वाटत असेल. तशी इच्छा जरूर करा. काही बदल खेळ बनवणाऱ्यांच्या हातात असतात, पण एक बदल आजच तुमच्या हातात आहे. घरात जो सगळ्यांत हळू चालतो, त्याला एक नंबर द्या आणि तुम्ही दोन घ्या. वाटेतलं बरंच काही दिसेल.

आणि तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद असेल, तर खेळून झाल्यावर त्याची वायर घट्ट आवळून गुंडाळू नका. ती आतल्या आत तुटते, आणि बाहेरून कुणाला दिसत नाही.