एक पैसा जास्त

पत्र्याच्या ट्रंकेची एक कडी गुणाजीच्या हातात होती, दुसरी रामदासच्या. लालबागच्या नाक्यावर दोघांनी ट्रंक खाली टेकवली, कपाळं पुसली, पण कडी कुणीच सोडली नाही.

“लय जड हाय रे गुणाजी,” रामदास म्हणाला. “वाण्याकडनं नोटा करून आनल्या असत्या तर?”

“वानी काय फुकट देतो? बट्टा कापला असता त्यानं.”

“कापू द्यायचा व्हता. डोक्याचा ताप तरी गेला असता.”

“आपला असता तर दिला असता कापू. लोकांचा हाय.”

चाळीनं रामदासला साक्षीदार म्हणून बरोबर धाडलं होतं. साक्षीदार हा आपला बोलायचा शब्द. खरं म्हणजे तो पहारेकरी होता, आणि ही गोष्ट त्याला, गुणाजीला आणि नळावरच्या बायकांना सारखीच ठाऊक होती. रामदासला दोष देण्यात अर्थ नव्हता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. गेल्या वर्षी अप्पा खजिनदार होते. देवमाणूस म्हणावा असा गृहस्थ. चाळीनं लढ्यासाठी जमवलेली मोड त्यांनी बँकेत नेली आणि ती सात रुपयांनी कमी भरली. अप्पांनी खाल्ले की मोजताना चुकले, ते त्या एका देवालाच माहीत. पण दोन महिन्यांत अप्पांनी खोली विकली आणि माणसं घेऊन गावाला गेले. जाताना त्यांना ट्रकपर्यंत पोचवायलाही कुणी आलं नाही.

पुढचा खजिनदार कोण, या प्रश्नावर सगळे आपापल्या पायांची नखं बघत बसले होते, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, “गुणाजीला करा. ज्याच्या घरातला गेला, तो खानार नाय.”

गुणाजीच्या घरातला गेला होता तो दगडू. छप्पन सालच्या जानेवारीत लढ्यातल्या मोर्चावर गोळीबार झाला त्यात. अठरा वर्षांचा होता. आधीची दोन पोरं जगली नाहीत म्हणून याचं नाव दगडू ठेवलेलं, की दगडाला कोण कशाला न्यायला येतंय. पुढे गोळीबारात गेलेल्यांच्या घरांसाठी काढलेल्या मदत फंडाची माणसं पाकीट घेऊन आली तेव्हा गुणाजीनं ते हात न लावता परत केलं. “माजं भागतंय. ज्यांचं भागत नाय त्यांना द्या,” एवढंच तो म्हणाला होता.

तर आता त्या फंडासाठी चाळीनं जमवलेली मोड ट्रंकेत होती. तीनशे साडेबारा रुपये. रविवारी दुपारी गॅलरीत धोतर पसरून, वीस माणसांच्या देखत मोजलेली. रामदासनं स्वतः मोजलं होतं आणि आकडा जिन्याखालच्या फळ्यावर खडूनं लिहिला होता. बँकेच्या पावतीवर तोच आकडा यायला हवा होता. एका पैशानंही इकडेतिकडे झाला, तर गुणाजीचा अप्पा व्हायला वेळ लागणार नव्हता.

म्हणून तर त्यानं एवढी खटपट केली होती. नवे पैसे येऊन सहा महिने झाले होते आणि लोकांच्या खिशात जुनं-नवं सगळं एकच कालवण झालं होतं. बँकेनं नाणी मोजायचं यंत्र आणलंय असं कळल्यावर पंधरा दिवसांपूर्वी गुणाजी नुसता विचारायला म्हणून जाऊन आला होता. कॅशियर कर्णिक चष्मा कपाळावर चढवून म्हणाले होते, “एका थैलीत एकाच जातीचं नाणं हवं. चवली चौकोनी आणि नवं पाच पैशाचं नाणंही चौकोनी, ती एकत्र आली की घोटाळा. नाणं ओलं नको, चिकट नको, दोरा-चिंधी काही नको. आणि पुरे रुपये करून आणा. सुटा आणा दिलात तर त्याचे सहाच पैसे धरतात. सोळा आणे सुटे दिलेत तर झाले शहाण्णव. चार पैसे गेले की नाही?”

गुणाजीनं हे सगळं मनात गोंदवून घेतलं. कुंकवाची बोटं लागलेली नाणी बायकांकडून चिंचेनं धुऊन घेतली, दोन दिवस गॅलरीत वाळवली. जुने जाडजूड ढब्बू पैसे वेगळे काढून बदलून आणले. चार आण्यांच्या चारशे पावल्या, दोन आण्यांच्या आठशे चवल्या, अकराशे वीस आणे, सहाशे चाळीस जुने पैसे, आणि नव्या नाण्यांची साडेबत्तीस रुपयांची पुरचुंडी. प्रत्येक थैलीचं तोंड सुतानं आवळून त्यानं स्वतःच्या हातानं गाठ मारली. परळच्या गिरणीत तो अठ्ठावीस वर्षं सांधेवाला होता. चालत्या यंत्रावर सूत तुटलं की दोन टोकं धरून ती सांधायची, हेच त्याचं आयुष्यभराचं काम. त्याची गाठ डोळ्यांना दिसायची नाही आणि दुसऱ्याच्या बापाला सुटायची नाही.

बँकेत गर्दी नव्हती. कर्णिकांनी जाळीशेजारचं फाटक उघडून दोघांना यंत्रापाशी घेतलं. गुणाजीनं ट्रंक उघडली, एकेक थैली बाहेर काढली, आणि शेवटच्या थैलीवर त्याचा हात थबकला.

पैशांची थैली. तिची गाठ त्याची नव्हती.

सूत कापलेलं होतं. कापून, पुन्हा बांधून, वर सुरगाठ मारलेली होती, भाजीच्या पुरचुंडीला मारतात तशी. रविवारपासून ट्रंक त्याच्या खाटेखाली होती. खोलीत तो आणि त्याची बायको जाईबाई, तिसरं माणूस नाही.

गेल्या आठवड्यातलं बोलणं गुणाजीला आठवलं. दगडूच्या फोटोची काच तडकली होती. नवी काच बसवायला जाईबाईनं बारा आणे मागितले होते, आणि तो म्हणाला होता, “पगार होऊ दे.” तिनं ते पुन्हा मागितले नव्हते. रविवारी सगळी चाळ गॅलरीत मोजायला बसली तेव्हा ती एकटी आत चुलीपाशी होती, आणि पुढे तो पाळीवर गेला की ट्रंकेपाशीही ती एकटीच. आण्याचे चार धरले तर बारा आण्यांचे अठ्ठेचाळीस पैसे होतात. सहाशे चाळीसातून अठ्ठेचाळीस काढले तर थैलीवरून कळायचंही नाही. पण यंत्राला कळणार होतं.

“काय झालं?” रामदासनं विचारलं.

“काय नाय.”

थैली ट्रंकेतच ठेवावी, फाटलीय म्हणावं, उद्या आणतो म्हणावं, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. पण रामदासचा डोळा त्याच्या हातावर होता. गुणाजीनं ती थैली उचलली आणि इतरांच्या शेवटी, आपल्या अंगाच्या बाजूला ठेवली.

कर्णिकांनी पावल्या यंत्राच्या पसरट तोंडात ओतल्या आणि हातानं दांडा फिरवायला सुरुवात केली. करकर आवाज करत नाणी एकामागून एक घसरत खालच्या पिशवीत पडू लागली. काटा चारशेवर थांबला. रामदासनं मान डोलावली. चवल्या बरोबर आठशे. आण्यांना वेळ लागला, तेही बरोबर अकराशे वीस. नवी नाणी कर्णिकांनी हातानंच मोजली. प्रत्येक आकडा जुळला की रामदासचा चेहरा थोडा सैल व्हायचा आणि गुणाजीचा आवळायचा. घाम गळ्याखाली उतरून सदऱ्यात मुरत होता.

“पंखा लावू का?” कर्णिकांनी विचारलं.

“नको साहेब. आटपा.”

सुरगाठ कर्णिकांच्या हातात एका ओढीसरशी सुटली. घोड्याचे पैसे आणि भोकाचे पैसे खळखळत आत गेले. दांडा फिरू लागला. शंभर, दोनशे, तीनशे. गुणाजी काट्याकडे बघत नव्हता. तो खालच्या पिशवीकडे बघत होता आणि मनात म्हणत होता, जाई, असं कसं केलंस तू. मागितले असतेस पुन्हा, तर दिले नसते का मी.

खट्कन आवाज झाला आणि दांडा अडकला.

कर्णिकांनी तो मागे घेतला, पुन्हा पुढे रेटला. काटा थरथरला आणि भलत्याच आकड्यावर जाऊन बसला. “काहीतरी अडकलंय,” ते वैतागून म्हणाले. “आता याचा भरवसा नाही. सगळे हातानं मोजावे लागतील.”

त्यांनी यंत्र रिकामं केलं, पैशांचा ढीग टेबलावर घेतला आणि वीस-वीसच्या चळती लावायला लागले. रामदास पुढे वाकला. दहा चळती झाल्या, वीस झाल्या. गुणाजीनं टेबलाची कड धरली. एकोणतीस चळती लागल्या तेव्हा उरलेला ढीग त्याला ओंजळीएवढाही वाटेना. तीस. एकतीस. शेवटचे पैसे कर्णिकांनी बोटानं एकेक ओढून घेतले. अठरा, एकोणीस, वीस.

“बत्तीस चळती. सहाशे चाळीस.”

“बरूबर,” रामदास म्हणाला आणि त्यानं पहिल्यांदाच गुणाजीच्या पाठीवर थाप मारली. गुणाजीला ती कळलीच नाही. सहाशे चाळीस पुरे होते. मग सूत कशाला कापलं?

“थांबा, आतला एक राहिलाय.” कर्णिकांनी यंत्राच्या खाचेत चिमटा घातला, जरा खाली-वर केला आणि अडकलेलं नाणं ओढून काढलं. “हा घ्या चोर. सांगितलं होतं ना, दोरा-चिंधी काही नको म्हणून?”

भोकाचा पैसा होता. भोकातून काळा गोफ ओवलेला, त्यावर बारीक गाठ, आणि गाठीच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं दोरा लोंबत होता. दोन्ही टोकं कात्रीनं सरळ कापलेली.

ती गाठ मात्र गुणाजीची होती.

युद्धाच्या काळात भोकाचा पैसा नवाच निघाला होता. त्या साली दगडूला ताप आला आणि बारा दिवस उतरेना. तेराव्या दिवशी पोरानं पेज मागितली तेव्हा गुणाजीनं त्याच्या करदोट्यात हा पैसा ओवला आणि वर गिरणीतली गाठ मारली, सुटू नये म्हणून. करदोटा वाढवत नेला तरी गाठीला कुणी हात लावला नव्हता. अठराव्या वर्षी इस्पितळात तो पैशाच्या दोन्ही बाजूंनी कापला, आणि शर्ट व एका चपलेबरोबर कागदात बांधून दिला. तेव्हापासून तो जाईबाईच्या पेटीत होता. पैसा सुटा करायला तिला गाठ सोडवता आली नसणार, म्हणून तिनं तो तसाच थैलीत घातला होता.

“म्हंजे सहाशे एकेचाळीस?” रामदास म्हणाला. “रविवारी तर आपन… थैली कुनी उघडली व्हती का?”

“माज्या घरात उघडली,” गुणाजी म्हणाला. “दगडूच्या आयनं.”

रामदासनं त्या दोऱ्याकडे पाहिलं. तोही कोकणातलाच, त्याच्याही कमरेला असाच दोरा होता.

कर्णिकांनी पैसा गुणाजीपुढे सरकवला. “काही बिघडलं नाही. जास्तीचा आहे, परत घ्या. स्लिप तीनशे बारा पन्नासची आहे, ती जुळतेय.”

किती सोपं होतं. फळ्यावरचा आकडा खरा ठरत होता, पोराच्या अंगावरची वस्तू परत मिळत होती, आणि वर कुणाचं काही देणं लागत नव्हतं. गुणाजीनं पैसा मुठीत घेतला. मूठ मिटल्यावर ती उघडू नये असं त्याला फार वाटलं. पण तो पैसा त्याचा नव्हता. ज्या बाईवर आपण पाऊण तास मनातल्या मनात चोरीचा आळ घेतला, तिनं तो दिला होता, कुणी बघू नये अशा बेतानं दिला होता.

तो टेबलावर वाकला आणि नखानं गाठ सोडवायला लागला. तेरा वर्षांच्या घामानं ती दगड झाली होती. मागं रांगेतलं कुणीतरी कुरकुरलं. कर्णिकांनी हातानंच त्याला थांब म्हणून खुणावलं. शेवटी गाठ सैल झाली, दोरा निघाला, आणि गुणाजीनं नुसता पैसा टेबलावर ठेवला.

“याचे किती व्हतात साहेब?”

“दोन नये पैसे.”

“मंग तीनशे बारा रुपये बावन्न लिवा.”

“स्लिप नवी करावी लागेल.”

“करतो.”

बाहेर पायरीवर रामदासनं पावती दोनदा वाचली. “आनि फळ्यावरचा आकडा?”

“चुकला म्हनून लिव. खजिनदारानं चुकवला.”

“काय लिवायचं ते मी बगतो,” रामदास म्हणाला. रिकामी ट्रंक त्यानं एकट्यानं डोक्यावर घेतली आणि गुणाजीला कडी धरू दिली नाही.

जाईबाई दारात सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. तिनं वर न बघताच विचारलं, “जुळला का वो आकडा?”

“नाय. एक पैसा जास्त भरला.”

सुपातली बोटं थांबली. “मंग? परत दिला त्येंनी?”

“देत व्हते. मी म्हटलं, जमा करा.”

“बरं केलंत,” ती म्हणाली. बोटं पुन्हा तांदळात फिरायला लागली. “पेटीत पडून त्येचा काय उपेग? कुनाच्या तरी लेकराला व्हईल.”

मी तुझ्यावर संशय घेतला, हे तिला सांगावं असं गुणाजीच्या फार मनात होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, “उद्या काच आनू फोटूची.”

तिनं मान डोलावली.

दुसऱ्या पाळीला अजून थोडा अवकाश होता. गुणाजी भिंतीला टेकून बसला आणि खिशातला दोरा काढला. वीतभरच होता, मधोमध गाठीची जागा चेपून पांढुरकी झालेली. त्याच्याही नकळत बोटांनी दोन्ही कापलेली टोकं उचलली, एकमेकांवर घेतली आणि सांधली. गाठ दिसतही नव्हती. हातात एवढंसं काळं कडं राहिलं.

त्यानं ते तडकलेल्या फोटोच्या खिळ्याला अडकवलं. मग गिरणीचा भोंगा झाला, तशी जाईबाईनं सूप बाजूला ठेवलं आणि त्याला डबा भरून दिला.